दुसऱ्या घरचं विरजण

लातूरजवळच्या मुरुडच्या पेठेत सिरकेवाल्या मंठाळ्यांचं घर विचारलं, तर लोक हात करून दाखवत नाहीत. 'नाकानं जावा,' म्हणतात. हा विनोद गावात कित्येक वर्षं चालत आलाय, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला तो आपणच काढलाय असं वाटतं. उमाशंकर मंठाळ्याला मात्र त्याचं हसू कधी आलं नाही. पन्नाशी उलटली, दुकान दुमजली झालं, सिरक्याच्या बाटल्या लातूर, नांदेड, सोलापूरपर्यंत जायला लागल्या, तरी कुणी 'नाक' म्हटलं की याचे कान लाल होत.

खरं तर सफरचंदाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, मुरुडात व्हावा असं काही कारण नाही. ज्वारी, हरभरा, सोयाबीनचा हा मुलूख. सफरचंदाचं झाड इथं कुणी चित्राबाहेर पाहिलेलं नाही. पण दसऱ्याच्या सुमाराला लातूरच्या फळबाजारात काश्मीरचे ट्रक लागतात, पेट्या फुटतात, आणि पेटीपेटीत चार-दोन फळं डागी निघतात. ती डागी फळं पाटीत घालून मुरुडच्या बाजारात विकणारी एक बाई होती, कोंडाबाई. माहेर नायगावकडचं, लग्न होऊन मुरुडात आलेली. तिचा ठिय्या ईश्वरप्पा मंठाळ्याच्या किराणा दुकानाच्या पायरीशी. ईश्वरप्पा म्हणजे उमाशंकरचे वडील, घरात सगळ्यांचे आप्पा.

न खपलेलं फळ कोंडाबाई फेकत नसे. सडका भाग कापून काढायचा, उरलेलं ठेचून रांजणात घालायचं, वर गुळाचं पाणी ओतायचं आणि त्यात विरजण सोडायचं. दह्याला लागतं तसं सिरक्यालाही विरजण लागतं. पांढरट, जाड सायीसारखं असतं ते, हातात धरलं तर बुळबुळीत. हे विरजण तिला तिच्या आईकडून आलेलं होतं. आईला कुणाकडून आलं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

एका उन्हाळ्यात उमाशंकरच्या आईला, कमलम्माला, खाल्लेलं अन्न पचेना. कमलम्मा निलंग्याकडची, कानडी मुलखाला लागून, म्हणून पोरं तिला आई न म्हणता अव्वा म्हणत. कोंडाबाईनं तिला रोज चमचाभर सिरका पाण्यात घालून दिला. गुण आला. तेव्हा अव्वानं विरजण मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी कोंडाबाई स्टीलच्या डब्यात ते घेऊन आली. डब्यावर तिचं नाव कोरलेलं होतं, भांडेवाल्यानं कोरलेलं, थोडं वाकडं.

"वैनी, आता हे दोन घरी झालं," ती म्हणाली. "एकाच घरचं विरजण मरतंय बगा कवातरी. माजं गेलं तर मी तुमच्याकडं येईन, तुमचं गेलं तर तुमी माज्याकडं."

रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून अव्वानं त्यात कारळाची चटणी भरून दिली. एवढ्यावर तो व्यवहार संपला. व्यवहार म्हणायचं ते आपण, त्या दोघींना तो व्यवहार वाटलाच नसेल.

आप्पांचा हात लागला तशी त्या विरजणाला बरकत आली. सिरका आधी शेजाऱ्यांना गेला, मग गिऱ्हाइकांना, मग लातूरच्या दुकानांना. रांजणाच्या जागी पिंपं आली, पिंपांच्या तोंडाला फडकी बांधलेली. आप्पा येईल त्याला सांगत, 'हे कोंडाबाईचं हाय, आपन नुसते सांभाळणारे.' आणि पायरीकडं बोट दाखवत. कोंडाबाई पाटीमागं बसल्या बसल्या पदर तोंडाला लावून हसायची.

पण सिरक्याची एक गंमत असते, आणि उमाशंकरच्या जन्माचं दुखणं तेच होतं. फळाचा रस एकदम आंबत नाही. आधी तो फसफसतो आणि काही दिवस सरळ सरळ दारू असतो. मग हवा खात खात त्याचा सिरका होतो. ते मधले दिवस पिंपांना असा वास सुटायचा की वाटेनं जाणारा पिणारा माणूस थबकून बघायचा. आणि मंठाळ्यांचं घर म्हणजे गळ्यात लिंग, कपाळी भस्म, कांदा चिरतानासुद्धा तोंडात शिवाचं नाव. शाळेत पोरं उमाशंकरला 'हातभट्टी' म्हणत. तो रडत घरी आला की आप्पा हसून म्हणत, "आरं, चांगलं व्हायच्या आधी थोडं बिघडावंच लागतं त्याला. झाकायचं काय त्यात?" आप्पांना लाज नव्हती असं नाही. त्यांना ती योग्य जागी वाटायची. मुलाला तो गुण आला नाही.

आप्पा गेल्यावर धंदा उमाशंकरकडं आला. आणि धंदा त्यानं वाढवलाही, हे त्याच्या शत्रूनंही कबूल करावं. सोयीच्या बाटल्या आणल्या, रंगीत लेबलं छापली. अडचण एकच होती. लेबलावर लिहायचं काय? बाजारातल्या पाटीवालीनं डागी फळांपासून केलेली वस्तू, असं लिहायचं का? शहरातलं गिऱ्हाईक नाक मुरडेल. मग त्यानं लिहिलं, 'आमचे आजोबा बसप्पा यांना एका सिद्ध स्वामींनी प्रसाद म्हणून दिलेली परंपरा.' खाली बेलाच्या पानाचं चित्र. त्याच्या मुलीनं, अक्षरानं, ते अव्वाला वाचून दाखवलं.

"तुझ्या आज्ज्याला आंबट ताकबी चालत नव्हतं," अव्वा म्हणाली. "सिरका कुठनं आनला त्यानं?"

उमाशंकर म्हणाला, धंद्यात चालतं असं. चालतंही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी दुनियाभर लेबलं आहेत. गोष्ट तेवढ्यावर राहिली असती तर आपण सांगायलाही बसलो नसतो.

कोंडाबाई तोवर मुरुडात राहिली नव्हती. नवरा वारला, तशी ती मुलाकडं लोह्याला गेली. वर्षं लोटली. एके दिवशी दुकानात सोलापूरचा एक बडा व्यापारी बसला होता, आणि उमाशंकर त्याला बसप्पा आणि स्वामींची कथा रंगवून सांगत होता. दिवेलागणीची वेळ. अंबिकेनं, म्हणजे उमाशंकरच्या बायकोनं, गल्ल्याजवळचा दिवा नुकताच लावला होता. इतक्यात पायरीवर कोंडाबाई उभी राहिली, हातात तोच डबा.

"उमा, वळखलं का रं? येष्टी लई उशिरानं आली बग. रांजन फुटला माजा, समदं वाहून गेलं. थोडं विरजण दे बाबा. मीच दिल्यालं हाय ना, तेच मागाय आले."

व्यापाऱ्यानं मान वळवली. एकदा म्हातारीकडं बघितलं, एकदा हातातल्या बाटलीवरच्या बेलाच्या पानाकडं. त्या क्षणी उमाशंकरला एवढंच हवं होतं, की ही बाई पुढचं वाक्य बोलायच्या आत इथून जावी.

"मावशी, दिवेलागण झाली," तो म्हणाला. "या येळेला विरजण देत न्हाईत आमच्यात. सकाळी या."

कोंडाबाईनं वळून रस्त्याकडं बघितलं. सकाळी यायला ती काय पलीकडच्या गल्लीतून आली होती? पण रीत म्हटल्यावर तिनं वाद घातला नाही. "व्हय, ते बी खरंच," असं पुटपुटली आणि परतीची गाडी गाठायला निघाली. डबा फळीवर राहिला. घाईत राहिला की मुद्दाम ठेवला, हे उमाशंकरला शेवटपर्यंत कळलं नाही.

अव्वा मागच्या सोप्यातून बाहेर येईतो ती गेली होती. व्यापारीही उठून गेला होता. काय झालं ते ऐकून अव्वा दाराला धरून उभी राहिली.

"आमच्यात म्हनालास? कुनाच्यात? गळ्यात लिंग हाय त्याला कोनती येळ वाईट असती रं? ही रीत तुझ्या आप्पानं पाळली का आज्ज्यानं?"

उमाशंकर म्हणाला, उद्याच कुणाच्या तरी हाती पाठवून देतो. तो उद्या आलाच नाही. आधी विसरला. मग आठवलं, पण फार दिवस झाले म्हणून लाज वाटली. मग इतके दिवस झाले की पाठवणंच विचित्र दिसलं असतं. लाजेचं असंच असतं, ती जसजशी नासते तसतशी वाढते. डबा अव्वानं फडताळात ठेवला. दर सणाला घरातली भांडी निघत, तोही निघे, घासला जाई आणि परत तिथंच ठेवला जाई. उमाशंकर त्या फडताळाकडं सहसा बघत नसे.

मग अक्षराचं लग्न निघालं. उदगीरचं स्थळ, घर भक्तिमार्गी, मुलगा शिवप्रसाद शिकलेला. पाहुणे बघायला येणार म्हणून घर धुऊन काढलं. आणि नेमकी त्याच दिवसांत मागच्या पडवीतली पिंपं फसफसायच्या भरात होती. शीतगृहातली फळं त्यानं उशिरानं घेतलेली. वास अंगणभर.

"अहो, आपला धंदा त्यांना म्हाईतच हाय की," अंबिका म्हणाली. "त्यात लपवायचं काय?"

पण चोराच्या मनात चांदणं. उमाशंकरला डोळ्यांपुढं दिसत होतं की व्याही उंबऱ्यात थबकलेत, रुमाल नाकाला लावलाय, आणि पोरीच्या बापाच्या घरात दारूचा वास येतो म्हणून मोटार उलटी फिरलीय. त्यानं फडकी काढली. पिंपांवर झाकणं ठोकून बसवली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. मूळ विरजणाची बरणी, जिच्यातलं घेऊन सगळी पिंपं लागायची, तिचंही तोंड प्लास्टिकनं करकचून बांधलं आणि ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवली. चार दिवसांचाच प्रश्न होता.

पाहुणे आले, मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. व्याह्यांकडचं कुणी ना कुणी येतच राहिलं, आणि दर वेळी उमाशंकर म्हणाला, एवढे गेले की उघडतो. वैशाखात लग्न लागलं. लातूरचं वैशाखातलं ऊन आणि वर पत्रा, त्या खोलीत माणूस घटकाभर उभा राहिला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण सिरक्याचं विरजण झाकून जगत नाही. ते हवेवर जगतं. हे उमाशंकरला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? जन्म त्यात गेला होता त्याचा. लाज पुढं झाली की कळतं ते मागं पडतं, एवढंच.

लग्नाच्या पंगतीत व्याह्यांनीच विषय काढला. "आमच्या घरात तुमचाच सिरका येतो. आमचा बाबा रोज घ्यायचा. एकदा ते पिंपं तर दाखवा, कसं करता ते बगावं मनलं."

उमाशंकर हसला, काहीतरी कुलपाचं कारण सांगितलं, आणि व्याह्यांच्या ताटात आणखी एक लाडू वाढला.

पाहुणे पांगल्यावर त्यानं पिंपं उघडली. एकाचं झाकण फुगून आधीच उडालेलं, बाकीच्यांतून असा कुबट वास आला की अंबिका तोंड धरून बाहेर पळाली. मग तो वर गेला. बरणीच्या तळाशी एक काळा, आक्रसलेला गोळा बसला होता, वर बुरशी. त्यानं तो पाण्यात घातला, गुळाच्या पाण्यात घातला, नव्या फळाच्या रसात घालून पडवीच्या सावलीत दिवसचे दिवस ठेवला. मेलेलं ते मेलेलंच.

घरात त्यानं कुणाला सांगितलं नाही. विरजण हल्ली विकत मिळतं, कुरिअरनं घरी येतं. तसं त्यानं मागवलं. सिरका झाला, चांगला स्वच्छ, आंबट झाला. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, लेबलावरच्या स्वामींनाही कळलं नाही. त्याला वाटलं, निभावलं. मग एका दुपारी अव्वानं बाटलीतला थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि विचारलं, "हे कुनाचं हाय?"

उमाशंकर तिच्यापुढं खाली बसला. पन्नाशी उलटलेला बाप्या माणूस, मुलीचं लग्न केलेला, आईसमोर जमिनीकडं बघून सगळं सांगत होता. झाकणं, चिकटपट्टी, पत्र्याची खोली. सांगताना त्याचं त्यालाच ते इतकं खुळ्यासारखं वाटलं की मधेच थांबावंसं वाटलं. अव्वा रागावली नाही. ती उठली, फडताळातून डबा काढला आणि पदरानं पुसला.

"कोंडाबाईकडं जा. तिनं कुनाकडनं तरी परत लावलं असंल."

"कोनत्या तोंडानं जाऊ, अव्वा?"

"ज्या तोंडानं तिला येळ सांगितलीस, त्याच."

डबा रिकामा न्यायचा नाही, म्हणून तिनं त्यात गुळाचे खडे भरले. देताना म्हणाली, "हा भरून द्यायचा डबा हाय. तू मागाय घेऊन चाललास. ध्यानात ठेव."

अहमदपूर मागं पडलं, माळेगाव मागं पडलं, तरी उमाशंकरच्या मनात पहिलं वाक्य जुळेना. लोह्यात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. बाजारामागच्या गल्लीत मुलाचं घर सापडलं. दारात बाजेवर कोंडाबाई बसलेली, वाळून एवढीशी झालेली, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा आणि त्यातूनही नजर भलतीकडंच. त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं.

"सिरक्याचा वास आला," ती म्हणाली. "मुरुडचं कोन हाय?"

आयुष्यभर ज्या वासापायी तो मरत आला होता, त्या वासानं म्हातारीचं तोंड उजळलं. "मी उमा," तो कसाबसा म्हणाला. तिनं हात पुढं करून त्याचा दंड चाचपला, शर्टाची बाही नाकाशी नेली, आणि सुनेला हाक मारून च्या ठेवायला सांगितला.

ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी त्यानं पिशवी बाजेखाली सरकवली. अव्वाची तब्येत सांगितली, अक्षराच्या लग्नाचं सांगितलं, पाऊसपाण्याचं बोलला. चहा झाला. मग बोलायला काहीच उरेना, तेव्हा त्यानं डबा काढून तिच्या हातात दिला. कोरलेल्या नावावरून तिची बोटं फिरली.

"आगं माय! माजा डबा!" आणि मग, अगदी हळू, "विरजण आनलंस व्हय रं?"

तो उत्तर द्यायच्या आत ती बोलत सुटली.

"माजं गेलं ना, तवा लई रडले बग. दुसरं कुनाचं लावलंच न्हाई मी. मग मनात म्हनलं, रडती कामून? मुरुडात हाय की जितं. उमा सांभाळून राहिला. आज ना उद्या येतोय घेऊन." बोलता बोलता तिनं झाकण उघडलं, आत बोट घातलं. "गूळ हाय."

"मावशी, मेलं ते," उमाशंकर म्हणाला. "माज्या हातनं मेलं."

तिनं डब्याचं झाकण परत लावलं. आत सून पीठ मळत होती, परातीचा आवाज तेवढा येत होता.

"कशानं?"

"झाकून ठेवलं."

"विरजण झाकलंस? कामून?"

"पोरीला बघाय पाहुने येनार होते. वास यायचा."

"लाज वाटली व्हय?"

"व्हय."

"आन त्या दिवशी?"

कोणत्या दिवशी, हे विचारायची सोय नव्हती. "त्या दिवशी बी," तो म्हणाला.

कोंडाबाईनं मान हलवली. ती चार शिव्या घालती तर त्याला बरं वाटलं असतं. येताना वाटेत त्यानं एक बेत केला होता, तो त्यानं आता घाईघाईनं बाहेर काढला. लेबल बदलतो म्हणाला. आजोबा नाही, स्वामी नाही, बेलाचं पान नाही. बाटलीवर तुमचं नाव घालतो, मावशी, मोठ्या अक्षरात, लोह्याच्या कोंडाबाईचा सिरका म्हणून. खरं सांगायचं तर आपण काही चांगलं करतोय असं त्याला त्या दिवसात पहिल्यांदाच वाटलं.

"आता कशानं लावतुस सिरका?"

"विकतचं विरजण मागवलंय. कुरिअरनं."

"मग त्यात माजं काय हाय बाबा?" ती म्हणाली. रागानं नाही, समजावून सांगावं तसं. "माजं व्हतं तवा दुसऱ्याचं नाव घातलंस. आता दुसऱ्याचं हाय तर माजं घालतुस. नगं. मला खोटं नाव नगं."

चूक कबूल केली की ती फिटते, असा उमाशंकरचा हिशेब होता. फेडायची वस्तूच आपण मारून बसलोय, हे त्याला तिच्या दारात बसल्यावर कळलं. जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं माणसं उगाच म्हणत नाहीत.

सुनेनं बाहेर येऊन तुळशीपाशी दिवा लावला. अंधारून येत होतं. तो उठला, कोंडाबाईच्या पायांना हात लावला आणि निघतो म्हणाला.

"थांब," म्हातारी म्हणाली. डबा घेऊन ती भिंतीला धरत आत गेली. आत भांडी हलल्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा डब्यातला गूळ तिनं काढून घेतला होता आणि त्यात वाटीभर दही घातलं होतं. "वैनीला दे. दाट दूध घ्या म्हनावं, घट्ट लागतंय हे. घरचंच विरजण हाय."

उमाशंकरनं तुळशीपुढच्या दिव्याकडं बघितलं. "मावशी, दिवेलागण..." त्याच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय. लवकर लाव, रस्त्यात आंबंल," कोंडाबाई म्हणाली, आणि डबा पुढं धरून उभी राहिली. त्याला तो दोन्ही हातांनी घ्यावा लागला.